सरासरी सरांनी मोजलेला पाठिंबा

पाठिंबा या वस्तूला लांबी असते की वजन, हा प्रश्न शहाण्या माणसाने विचारू नये. विचारलाच तर मनातल्या मनात विचारावा, जिन्यात उभे राहून मोठ्याने विचारू नये. सरासरी सरांनी तो जिन्यात विचारला, आणि त्यांच्या आयुष्यातली शांतता, जी मुळातच बेताची होती, त्या घटकेपासून संपुष्टात आली.

सर महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत. 'सरासरी' हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेले. पण ते असे चपखल बसले होते की एकदा बँकेतल्या कारकुनाने त्याच नावाने हाक मारली तेव्हा सरांनी निमूटपणे वळून पाहिले होते. उंची मध्यम, आवाज मध्यम, मते त्याहून मध्यम. कोणत्याही भांडणात ते दोन्ही बाजूंची बेरीज करून तिला दोनाने भागत. त्यामुळे दोन्ही बाजू त्यांच्यावर सारख्याच चिडत. निसर्गाने मात्र या मध्यममार्गी गृहस्थाची थट्टा केली होती. त्यांची एकुलती एक मुलगी कोणतीही सरासरी न जुमानता वाढली. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती म्हणून घरात तिला 'बुटकी' म्हणत. आता ती स्टुलावर न चढता छताचा पंखा पुसत असे, पण नाव तेच राहिले. ती महाविद्यालयाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात खेळे, आणि हे नाव उंबऱ्याबाहेर काढायचे नाही, अशी शपथ तिने आईवडिलांना घातली होती.

"मैदानावर एकदा जरी कुणाला कळलं ना," ती म्हणाली होती, "तर आधी खेळ सोडीन, मग घर."

महाविद्यालयाच्या कार्यवाह बाई फारशा बोलत नसत. त्यांचा चष्मा बोले. एका दुपारी तो नाकाच्या शेंड्यावर आणून त्यांनी सरांना बोलावून घेतले. व्हरांड्यात मोडक्या बाकांचा डोंगर साचला होता. बाईंना तो क्रीडागृहात हलवायचा होता, आणि क्रीडागृहात मुली बास्केटबॉल खेळत होत्या.

"मुलींच्या सामन्यांकडे कुत्रं फिरकत नाही म्हणे," बाई म्हणाल्या.

"कुत्र्यांची पाहणी झालेली नाही," सर प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग करा. कुत्र्यांची नव्हे, माणसांची. संघाला पाठिंबा किती, ते मला आकड्यात हवं. मोसमाच्या शेवटच्या सामन्याला मी स्वतः येईन. पाठिंबा दिसला तर संघ राहील. नाही दिसला तर संघ बाहेर आणि बाक आत."

"पण माझी मुलगी त्या संघात आहे. माझ्यावर पक्षपाताचा आरोप..."

"तुमच्यावर?" चष्मा प्रथमच हसला. "तुमच्यावर तो आरोप तुमची बायकोसुद्धा करणार नाही."

सर छाती पुढे काढून घरी आले. आपल्या तटस्थतेची कीर्ती कार्यवाहांच्या खोलीपर्यंत पोचली, या विचाराने त्यांना जिना कधी संपला ते कळले नाही.

"म्हणजे आमचा संघ तुमच्या हातात?" बुटकीने विचारले. तिच्या हातातला घास तिथेच थांबला होता.

"माझ्या नाही. आकड्यांच्या."

"बाबा, तुम्ही आजवर एक तरी सामना बघितलाय का?"

"बघितला असता तर तटस्थता भंगली असती."

"यांची तटस्थता मला विचार," आतून बायको म्हणाली. "लग्नाच्या फोटोतसुद्धा हे मुलीकडचे की मुलाकडचे, ते लोक अजून विचारतात."

पहिली मोजणी लगेचच्या सामन्याला झाली. सरांनी शास्त्रशुद्ध विचार करून खुर्ची अशी ठेवली की तोंड प्रेक्षकांकडे आणि पाठ खेळाकडे. मोजायचे प्रेक्षक, मग खेळाकडे बघून नजर का विटाळायची? त्यांच्या पाठीमागे चेंडू आदळत होता, बूट किंचाळत होते, पंचाची शिट्टी हवेला टाचणी टोचत होती. आणि ते, समुद्राकडे पाठ करून बसलेल्या दीपस्तंभासारखे, समोरच्या रिकाम्या पायऱ्यांवर प्रकाश टाकत होते. पायऱ्यांवर मुख्यतः खिडक्यांतून आलेले ऊन बसले होते. ते कोणत्या संघाच्या बाजूचे, हे कळायला मार्ग नव्हता.

जी काही माणसे होती, त्यांनीही सरांचा गोंधळच केला. एक गृहस्थ गाढ झोपले होते. पण आपल्या संघाने बास्केट टाकली की झोपेत हसत. यांना चाहता म्हणावे की नाही? एक तरुण सबंध वेळ भिंतीपाशी बसून फोन चार्ज करत होता. मात्र सामना संपल्यावर 'छे, हरलो!' असे तोच पहिल्यांदा म्हणाला. एक बाई दोन्ही संघांसाठी टाळ्या वाजवत होत्या. त्यांना विचारले तर म्हणाल्या, "दोन्हीकडे कुणाच्या ना कुणाच्या पोरीच आहेत की." सरांनी त्यांना दोनाने भागले. आणि शेवटच्या पायरीवर एक स्त्री सामनाभर डोळ्यांवर हात ठेवून बसली होती. 'जी बघत नाही ती प्रेक्षक नाही, सबब चाहती नाही,' असे ठरवून सरांनी तिला वगळले.

ती त्यांची बायको होती. हे त्यांना माहीत होते. पण नियम म्हणजे नियम.

"मी प्रत्येक सामन्याला जाते," ती रात्रीच्या जेवणाला म्हणाली. "तिला कुणी ढकललं की बघवत नाही, म्हणून डोळे झाकते. आणि तुम्ही मला धरलंच नाहीत?"

"व्याख्येत बसत नव्हतीस."

"ज्या व्याख्येत मी बसत नाही, त्या व्याख्येनं उद्या तुमचा डबा भरावा."

बुटकीने फक्त एवढेच विचारले, "तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसला होतात ना?" आणि उत्तराची वाट न बघता उठून गेली. आपल्या कार्यपद्धतीचे असे भावनिक वर्णन होऊ शकते, हे सरांच्या कधी ध्यानातच आले नव्हते.

मग तो जिन्यातला प्रश्न. तळमजल्यावरच्या शिंप्याने तो उचलला, कारण माप हा त्याचा प्रांत.

"सोपं आहे," तो गळ्यातली टेप सारखी करत म्हणाला. "चाहत्याची छाती सामन्याआधी मापायची आणि जिंकल्यावर मापायची. जो फरक, तो पाठिंबा."

"आणि हरलो तर?"

"तर पोट मापायचं. दुःखानं माणूस जास्त खातो."

वरच्या मजल्यावरच्या काकू कठड्यावरून वाकल्या. त्या पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि इमारतीला अजून शाळाच समजत. "माणसं कसली मोजता? आवाज मोजा! मनापासून आलेला माणूस ओरडतो. नुसता सावलीला आलेला गप्प बसतो."

सरांना एकदम प्रकाश दिसला. आवाज! झोपलेला, जागा, दुहेरी टाळ्या वाजवणारी, सगळ्यांना एकाच आकड्यात वितळवणारी मोजणी. आवाज मोजण्याचे यंत्र नगरपालिकेच्या ध्वनिनियंत्रण कार्यालयात असते, हेही काकूंनाच ठाऊक होते. त्यांनी समोरच्या बँडवाल्यावर ते दोनदा आणवले होते.

कार्यालयातल्या खिडकीमागचा कारकून शांत स्वभावाचा होता. त्या कार्यालयात तेच शोभून दिसत होते.

"यंत्र उसनं मिळत नाही," तो म्हणाला. "तक्रार असेल तर निरीक्षक यंत्र घेऊन येतात."

"पण माझी तक्रार नाही."

"मग यंत्रही नाही."

सरांनी विचार केला. "आवाज पुरेसा होत नाही, अशी तक्रार चालेल?"

कारकुनाने त्यांच्याकडे निरखून पाहिले. "आवाज होत नाही म्हणून आलेले तुम्ही पहिलेच. घरी सगळं ठीक आहे ना?"

तेव्हा सरांनी ते केले, जे संख्याशास्त्राचा माणूसच करू जाणे. शास्त्रात आधी एक गृहीतक मांडतात आणि मग ते खरे की खोटे ते तपासतात. गृहीतक मांडणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. या तात्त्विक आधारावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिले की, मुलींच्या बास्केटबॉल सामन्यांत चाहत्यांचा असह्य गोंगाट होतो. खाली सही केली. मन थोडे कुरकुरले. त्याला त्यांनी दोनाने भागले.

शेवटच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. बुटकीने दार उघडले. बाहेर एक स्थूल, घामाघूम गृहस्थ काखेत तान्हे मूल धरावे तशी पेटी धरून उभे होते.

"गोंगाटानं हैराण झालेले गृहस्थ इथंच राहतात का?"

"हैराण आम्ही आहोत. गृहस्थ आत आहेत. कसला गोंगाट?"

"मुलींचं बास्केटबॉल. चाहते फार ओरडतात म्हणे."

"आमचे चाहते?" क्षणभर तिचा चेहरा असा उजळला की निरीक्षकांनी नकळत पेटी सावरली. "खूप ओरडतात?"

"तेच मोजायला उद्या येतोय. मर्यादेबाहेर गेलं की क्रीडागृहाला टाळं."

उजेड आला तसा गेला. "तक्रार कुणी केली?"

त्याच वेळी सर टॉवेलने तोंड पुसत बाहेर आले. निरीक्षक त्यांना म्हणाले, "नमस्कार, तक्रारदार आपणच ना?"

टॉवेलाआड माणसाला किती वेळ राहता येते, याला मर्यादा आहे. सरांनी ती गाठली.

"बुट... अगं, ऐकून घे. ते नुसतं गृहीतक..."

"आधी पाठ केलीत," ती म्हणाली, "आता टाळं लावताय." आणि खोलीत गेली. दार तिने आपटले नाही, हळूच लावले. निरीक्षकांच्या यंत्रालाही ते ऐकू आले नसते, पण सरांना ऐकू आले.

आपण काय करून बसलो, ते त्यांना तेव्हा कळले. उद्या आवाज झाला, तर क्रीडागृहाला टाळे. आवाज झाला नाही, तर पाठिंबा नाही, म्हणून क्रीडागृहात बाक. दोन्ही बाजूंची बेरीज करून दोनाने भागण्याची जन्माची सवय इथे कामी येईना. अर्धे टाळे आणि अर्धे बाक असा निकाल कोणत्याच शास्त्रात नव्हता. सकाळी उठून ते कार्यालयाच्या खिडकीशी धावले.

"तक्रार मागे घ्यायची आहे."

"त्यासाठी आवाज थांबल्याचा पुरावा लागतो," कारकून म्हणाला.

"तो कुठे मिळेल?"

"निरीक्षक येऊन मोजतील ना आज. त्यातच मिळेल."

परत येईपर्यंत जिना पेटला होता. काकूंनी आदल्या संध्याकाळचे संभाषण कठड्यावरून साग्रसंगीत ऐकले होते, आणि जे काकूंनी ऐकले ते सबंध वस्तीने ऐकले, असा तिथला प्रघात होता.

"पोटच्या पोरीवर फिर्याद, सर?" शिंपी म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होते. "आणि मी तुमच्या पँटला दर वेळी दोन बोटं जास्त कापड सोडत होतो. देवमाणूस समजून!"

"गैरसमज होतोय. मला तर आवाज हवाच..."

"काही सांगू नका," काकूंनी वरून हुकूम सोडला. "यांना गोंगाट खुपतो ना? ठीक. आज अख्खी वस्ती सामन्याला जाणार, आणि तोंडातून कुणी ब्र काढणार नाही. बघू कसं टाळं लावतात पोरींना!"

"काकू, आवाज झाला नाही तर पाठिंबा नाही असं ठरेल हो!"

"काल गोंगाट होतो म्हणून रडलात, आज गोंगाट करा म्हणून रडता. आधी घरात बसून एक काय ते ठरवा."

आणि खरोखर सगळे आले. ज्यांनी आयुष्यात चेंडू केवळ खिडकीची काच फुटल्यावर पाहिला होता, तेही आले. पायऱ्या भरल्या, मधल्या वाटा भरल्या, दाराशी माणसे एकमेकांच्या खांद्यावरून डोकावू लागली. आणि ही सारी गर्दी निःशब्द होती. एवढी माणसे एवढी गप्प बसली की शांततेलाच वजन येते. ती छतापासून खाली लोंबत होती. कुणी शिंकले तर चार रांगा त्याच्याकडे रागाने वळत. पाहुण्या संघाची प्रशिक्षिका घाबरून गेली. "कुणी गेलं का हो?" तिने पंचाला हळूच विचारले.

कोपऱ्यात निरीक्षक यंत्र मांडून बसले होते. काटा मेल्यासारखा पडून होता. कार्यवाह बाई आल्या तेव्हा बसायला जागा नव्हती. त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. आणि मधोमध, जगाच्या तिरस्काराचा केंद्रबिंदू होऊन, सर आपल्या खुर्चीवर बसले: तोंड प्रेक्षकांकडे, पाठ खेळाकडे. नियम म्हणजे नियम.

पण आज ते मोजेनात. समोर चेहरेच चेहरे होते, आणि खेळ त्या चेहऱ्यांवरून चालला होता. मागे चेंडू धपधपला की शेकडो डोळे डावीकडून उजवीकडे वाहत. मग सगळ्या माना एकदम वर जात, श्वास थांबे, आणि त्या थांबलेल्या श्वासात सरांना, न बघता, हवेत गेलेला चेंडू दिसे. बास्केट झाली की कुणी ओरडत नसे. रुमाल उडत, मुठी आवळल्या जात, शिंपी आपली टेप पताकेसारखी फिरवी. झोपणारे गृहस्थ आज टक्क जागे होते. फोनवाल्याचा फोन बंद पडला होता आणि त्याला त्याचे भान नव्हते. हे सगळे कोणत्या रकान्यात घालायचे? सरांनी रकाने आठवून पाहिले. एकही आठवेना.

बायको पुढच्याच रांगेत होती. डोळ्यांवर हात, बोटांत जराशी फट. अचानक ते हात खाली आले. तिने सरळ सरांकडे बघितले आणि मान हलवून खूण केली: वळा.

सरांनी 'नाही' अशी मान हलवली. तटस्थता.

शिंप्याने टेपने खूण केली: वळा! काकूंनी, ज्या मुख्याध्यापिका होत्या, बोट गोल फिरवले. त्या बोटापुढे वर्गच्या वर्ग वळले होते. आणि सर खुर्चीसकट वळले.

गुण बरोबरीत होते. ते फळ्यावर दिसत होते. वेळ जवळजवळ संपली होती. पाहुण्या संघाच्या फाउलमुळे आपल्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता कडीत चेंडू टाकायच्या दोन संधी, मिळाल्या होत्या, आणि रेषेवर चेंडू घेऊन एक मुलगी उभी होती. उंच, एकटी, घामाने न्हालेली. तिचे खांदे त्यांना ओळखू आले. या खांद्यांवर त्यांनी शाळेचे दप्तर अडकवले होते. ती इतकी उंच कधी झाली, आणि एवढ्या माणसांत इतकी एकटी कशी, हे त्यांना समजेना. छातीत काहीतरी फुगत होते आणि त्याचे माप त्यांच्यापाशी नव्हते. तिने हात वर नेले. आणि त्या अथांग शांततेत, आयुष्यभर मध्यम राहिलेला एक आवाज फुटला:

"बुटके, टाक!"

चेंडू कडीवर आपटला, विचार केल्यासारखा थबकला आणि बाहेर पडला.

शांतता आधी होती. आता जी झाली तिला नाव नव्हते. संघातली सर्वांत उंच मुलगी कानापर्यंत लाल झाली. तिच्या मैत्रिणी एकमेकींकडे बघू लागल्या. "बुटकी?" एकीने ओठांनीच विचारले. सर उभे होते, तोंड अजून उघडे, आणि ते मिटायचे कसे, हे विसरलेले.

मग काकू उठल्या. "तक्रारदारच ओरडला!" त्या कडाडल्या. "आता तक्रार कसली?"

त्यानंतर जे झाले ते आवाज या शब्दात मावणारे नव्हते. सबंध सामन्याचे गिळलेले ओरडणे एकदम वर आले. पायऱ्या दणाणल्या, आणि सगळे क्रीडागृह एका घशाने म्हणाले, "बुटके, टाक!"

रेषेवरच्या मुलीने वडिलांकडे बघितले. रागाने बघणार होती. मध्येच हसू फुटले. तिने टाकला. चेंडू कडीला शिवलासुद्धा नाही.

सामना जिंकल्याचा जल्लोष ओसरायच्या आत सर निरीक्षकांकडे धावले. आता टाळे! पण पेटी बंद होती, आणि निरीक्षक तिच्यावर उभे राहून दोन्ही हात नाचवत होते.

"साहेब, यंत्र?"

"कार्यालयाची वेळ मघाशीच संपली. यंत्र पेटीत. आता मी प्रेक्षक!" ते धापा टाकत म्हणाले. "आणि तुमचा निकाल सांगून ठेवतो. वाचनालयात मी याहून जास्त आवाज मोजलाय. तक्रार निराधार. कार्यालयाचा वेळ फुकट घालवल्याबद्दल तुम्हाला समज मिळेल. बुटके, शाब्बास!"

अपमान पचवायला सरांना सवड मिळाली नाही. खांबापाशी कार्यवाह बाई एक चप्पल हातात घेऊन पाय चोळत होत्या.

"आकडा?" चष्म्याने विचारले.

"मॅडम, मोजणी फसली. यंत्र म्हणतं, पाठिंबा नाही. आणि मी स्वतःच..." सरांनी संख्याशास्त्राचा आधार घेतला. "मोजणारा मी स्वतःच नमुन्यात पडलो."

"ते सगळ्यांनी ऐकलं. मी सबंध सामनाभर उभी आहे, सर. कार्यवाह असून एकजणही उठला नाही. त्या टेपवाल्याला म्हटलं, जरा सरका, तर त्यानं मलाच गप्प बसायची खूण केली." बाईंनी चप्पल पायात घातली. "बाक आत येतील. येणारच."

सरांचा चेहरा उतरला.

"दुरुस्त करून," बाई म्हणाल्या. "पायऱ्यांच्या पुढे, दोन रांगांत. लोकांनी बसायचं कुठं?"

घरी परतताना वाटेत फोनवाला तरुण, झोपाळू गृहस्थ आणि समोरचा बँडवालासुद्धा 'बुटकी, मस्त!' असे ओरडून गेले. प्रत्येक हाकेला मुलगी दात-ओठ खाई आणि सर खांदे पाडत. जिन्यात शिंप्याने दोन बोटे जास्तीचे कापड पुन्हा देऊ केले. इमारतीच्या न्यायालयात याहून मोठी निर्दोष मुक्तता नव्हती.

रात्री तिघे जेवायला बसली.

"पहिला तुमच्यामुळे चुकला," बुटकी म्हणाली.

"आणि दुसरा गेला," सर चाचरत म्हणाले. "एक चुकला, एक गेला. म्हणजे दोन्ही धरून माझा पाठिंबा काढायचा तर..."

"भागू नका," बायको म्हणाली.

सरांनी भागले नाही. त्यांनी घास गिळला आणि विचारले, "पुढच्या मोसमात मी आलो तर चालेल? मोजायला नाही. नुसता."

बुटकीने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि वडिलांकडे नीट बघितले.

"या," ती म्हणाली. "तोंड इकडे करून बसा. आणि बंद ठेवा."